एकवीस टक्क्यांनी फसवलं : उद्यमबागेतल्या एका जुन्या डीह्युमिडिफायरचं प्रकरण

गेल्या वर्षी जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सकाळी साडेसातला फोन आला. "शेल फुटायला लागलेत ओ. डीह्युमिडिफायर बघून जावा की जरा." शेल म्हणजे धातू ओतायचं साच्याचं कवच, आणि डीह्युमिडिफायर म्हणजे ते वाळवायच्या खोलीतल्या हवेतलं पाणी काढणारं मशीन. कारखाना ओळखीचा. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मेणाच्या नमुन्यावरून ओतकाम करणारा, पंपाचे इंपेलर आणि व्हॉल्व्हचे भाग काढणारा, वीस-पंचवीस माणसांचा. अनगोळहून मला दहा मिनिटं लागतात. गेलो, मशीनचं कंट्रोल कार्ड उघडलं, जळालेला रिले आणि फुगलेले दोन कपॅसिटर बदलले, मशीन सुरू झालं, तासाभरात परत आलो. तीन आठवड्यांनी तोच फोन पुन्हा आला.

त्या पहिल्या तासाभरामुळे हे प्रकरण लिहून काढतोय. मशीन पंचवीस वर्षांपूर्वीचं, बनवणाऱ्यांनी हात वर केलेले, म्हणून सगळ्यांचा डोळा कार्डावर. माझाही तिथंच होता. दुखणं कार्डात नव्हतं.

या खोलीला कोरडी हवा का लागते

मेणाचा नमुना कोलॉइडल सिलिका आणि झिरकॉनच्या पिठीच्या स्लरीत, म्हणजे पातळ लगद्यात, बुडवतात, वर वाळू मारतात, वाळवतात. मग पुन्हा बुडवतात. असे सात-आठ थर झाले की शेल तयार. मग ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या बंद भांड्यात, वाफेवर मेण वितळवून काढतात. ही स्लरी पाण्यातली आहे, ती वाळूनच घट्ट होते. पण वाळवायला उष्णता देता येत नाही, कारण मेण तापलं की फुगतं आणि वरच्या कोवळ्या थराला तडा जातो. म्हणून खोली २४ अंशांवर स्थिर ठेवायची आणि हवेतलं पाणी काढून घ्यायचं. आतला थर ओला राहिला तर ऑटोक्लेव्हमध्ये शेल उकलतो आणि आठ दिवसांची मेहनत एका मिनिटात भंगारात जाते.

आमच्याकडे पावसाळ्यात हे अवघड होतं. पाऊस खानापूरकडून चढत येतो. कणकुंबी-आमगावात तर तो थांबतच नाही, आणि इकडे बेळगावात पाऊस नसला तरी धुकट ओल असतेच. २४ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेच्या हवेत, आपल्या साडेसातशे मीटर उंचीवर, किलोभर हवेमागे साडेअठरा ग्रॅम पाणी असतं. खोलीत आर्द्रता ५० टक्के हवी, म्हणजे साधारण दहा ग्रॅम. दार उघडलं, माणूस आत-बाहेर गेला, ओले शेल टांगले, की वरचे साडेआठ ग्रॅम आत यायला टपलेलेच असतात. नुसत्या एसीने हे साधत नाही. तो पाणी काढतो खरा, पण खोली गार करत सुटतो.

मशीन

मालकांनी हे मशीन गोव्याकडच्या एका बंद पडलेल्या औषध कारखान्याच्या लिलावात घेतलं होतं. यात फ्रिजसारखा कॉम्प्रेसर नाही, गार करणारा गॅस नाही. एका अर्थी हे नशीबच. गॅसवर चालणारी जुनी डीह्युमिडिफायर बहुतेक आर-२२ वर आहेत आणि तो गॅस २०३० पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद होत चालला आहे. त्या मशीन जगवणं हे वेगळंच दुखणं आहे.

या मशीनचं काळीज म्हणजे मधाच्या पोळ्यासारखं बारीक छिद्रांचं एक मोठं चाक. छिद्रांच्या भिंतींवर सिलिका जेल बसवलेलं. चाकाच्या पाऊण भागातून खोलीची हवा जाते आणि जेल तिच्यातलं पाणी शोषून घेतं. उरलेल्या पाव भागातून हीटरने सव्वाशे अंशांच्या आसपास तापवलेली हवा उलट दिशेने जाते, जेलमधलं पाणी उचलते आणि डक्टमधून बाहेर सोडते. चाक अगदी हळू फिरतं, तासाला दहा फेऱ्या. डोळ्याला ते फिरतंय असं वाटतच नाही. खोलीची हवा ताशी २००० घनमीटर, गरम हवा तिच्या एक तृतीयांश, हीटर १८ किलोवॅटचा. सगळं नीट असेल तर ताशी दहा-बारा लिटर पाणी बाहेर जातं, म्हणजे दिवसाला एका बॅरलहून जास्त.

यातला ब्लोअर साधा, हीटरच्या कांड्या साध्या, गियर मोटर साधी, बेल्ट साधा. बाजारात मिळत नाही ते फक्त कार्ड.

दुसऱ्यांदा कार्ड गेलं तेव्हा त्यावरचा तांब्याचा पट्टाच जळून उठला होता. मालकांनी बनवणाऱ्या कंपनीला विचारलं. उत्तर आलं : त्या मॉडेलची कार्डं आता बनत नाहीत, सर्किटचा नकाशा देता येणार नाही, नव्या मशीनच्या किमतीचा कोट (कोटेशन) सोबत जोडला आहे. कोटचा आकडा बघून मालक बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मला म्हणाले, "तुम्ही सांगा. हे जगतंय का नाही, एकदाच सांगा."

एकदाच सांगायचं तर मोजावं लागतं. पहिल्या फेरीत मी काहीच मोजलं नव्हतं.

एकवीस टक्के

कार्डाला तात्पुरत्या वायरी जोडून मशीन चालू केलं. शेल रूमचा ऑपरेटर गोकाककडचा, बारा वर्षं याच खोलीत. कोरड्या हवेच्या तोंडाशी हात धरून तो म्हणाला, "बिसी गाळी बराकत्तैत्री, सर." गरम हवा येतेय. त्याच्या हिशेबाने मशीन चाललंय, कारण चांगल्या दिवसांतही इथून गरमच हवा यायची. त्याचं चूक नव्हतं. जेल पाणी शोषतं तेव्हा उष्णता सुटते, म्हणून कोरडी झालेली हवा तापूनच बाहेर पडते.

तिथंच मालकांनी स्वतःचा डिजिटल मीटर धरला. २१ टक्के. "बघा! एकवीस! आणि खोलीत बाहत्तर. मग पाणी येतंय कुठनं?"

त्यांनी खोलीच्या फटी बुजवायला सुरुवात केली होती. दारांना रबर लावलं होतं. दोन माणसांना आत कमी जायला सांगितलं होतं. सगळा शोध चुकीच्या दिशेला चालला होता, आणि त्याला कारण तो एकवीसचा आकडा.

सापेक्ष आर्द्रतेचा टक्का एकटा वाचायचा नसतो. सोबत तापमान वाचायचं असतं. हवा तापली की तिची पाणी धरायची ताकद झपाट्याने वाढते, त्यामुळे पाणी तेवढंच राहून टक्का मात्र खाली येतो. तोंडाशी तापमान होतं ४५ अंश. ४५ अंशांची २१ टक्के हवा म्हणजे किलोमागे सुमारे चौदा ग्रॅम पाणी. खोलीतून मशीनमध्ये जाणारी हवा २४ अंशांची, ७२ टक्के, म्हणजे पंधरा ग्रॅमला थोडं कमी. आत पंधरा, बाहेर चौदा. एवढं मोठं चाक, १८ किलोवॅटचा हीटर, दिवस-रात्रीचं वीजबिल, आणि पाणी निघतंय किलोमागे जेमतेम एक ग्रॅम. तोंडाची ती "कोरडी" हवा खोलीत येऊन पुन्हा २४ अंशांवर आली की ६८ टक्के होते. खोली बाहत्तरवर अडकली होती ती त्यामुळे.

मी हे त्यांना कागदावर मांडून दाखवलं, आणि खात्रीसाठी साध्या दोन काचेच्या थर्मामीटरने पुन्हा मोजलं. एकाच्या फुग्याला ओलं मलमल गुंडाळायचं, दोन्ही वाऱ्यात धरायचे, फरक बघायचा आणि तक्त्यावरून आकडा काढायचा. डिजिटल मीटर दोन वर्षांनी खोटं बोलायला लागतो. हे थर्मामीटर सहसा खोटं बोलत नाहीत, फक्त कापड स्वच्छ आणि पाणी डिस्टिल्ड हवं. या कामात मी आता हे आधी काढतो आणि स्क्रू-ड्रायव्हर नंतर.

आता प्रश्न बदलला. हवा वाळत नाही, तरी तापतेय. मग ती उष्णता कुठली? जेलने शोषल्याची नाही, कारण ते जवळपास शोषतच नाही. म्हणजे हीटरची गरम, ओली हवा कुठून तरी कोरड्या बाजूला घुसतेय.

डक्टचं पोट

ओली हवा बाहेर फेकणारा डक्ट मशीनच्या मागून निघून भिंतीपलीकडे जातो. पलीकडे जाऊन मी त्याच्या तोंडाला हात लावला. भाकरीच्या तव्यावरून यावी तशी हवा यायला हवी होती. आली फुंकर मारल्यासारखी.

फेब्रुवारीत मागच्या बाजूला नवी पत्र्याची शेड घातली होती. तिच्यावरून न्यावा म्हणून डक्ट उचलला होता आणि मध्ये आठ-नऊ फूट लवचिक अॅल्युमिनियमचा पाइप जोडला होता. तो मधे लोंबत होता, गाभण म्हशीच्या पोटासारखा. हेल्परने खालून काठी लावली तर आत पाणी डचमळलं. मी सहा मिलिमीटरच्या ड्रिलने सर्वांत खालच्या जागी भोक पाडलं. चहाच्या रंगाचं पाणी धारेने यायला लागलं. दीड बादली भरली.

सगळी साखळी त्या बादलीत होती. चाकातून निघालेली हवा पन्नास अंशांची आणि पाण्याने भरलेली असते. पावसात भिजलेल्या गार डक्टला लागली की तिचं पाणी होणारच. म्हणून हा डक्ट नेहमी बाहेरच्या बाजूला उतरता ठेवतात आणि खालच्या टोकाला पाणी निघायला भोक ठेवतात. इथं तो चढता होता आणि मध्ये पोट. उन्हाळ्यात काही बिघडलं नाही. जूनमध्ये पोट भरलं, वाट बुजली. गरम बाजूचा ब्लोअर हीटरच्या आधी बसवलेला, म्हणजे हवा ढकलणारा. पुढे वाट नाही म्हटल्यावर गरम कप्प्यात दाब चढला आणि दोन्ही बाजू वेगळ्या ठेवणाऱ्या, चाकाला टेकलेल्या जुन्या, कडक झालेल्या सीलच्या फटीतून गरम ओली हवा कोरड्या बाजूला शिरली. हवा कमी वाहते म्हणून हीटरची पेटी तापते. कार्ड हीटर बंद करतं, पुन्हा चालू करतं, दर काही सेकंदांनी. कॉन्टॅक्टर, म्हणजे हीटरची वीज जोडणारा-तोडणारा मोठा स्विच, दिवसभर टकटकत राहतो. त्याला हुकूम देणारा कार्डावरचा छोटा स्विच, म्हणजे रिले, अशा कामासाठी केलेलाच नसतो.

कार्ड दोनदा मेलं ते त्या डक्टमुळे. मी पहिल्या दिवशी रिले बदलून घरी गेलो तेव्हा बाहेर ते पोट भरतच होतं.

आणखी एक गोष्ट सापडली, आणि ती बघून माझ्या पोटात गोळा आला. हीटरच्या पेटीवर जास्त तापलं तर हीटर तोडणारा थर्मोस्टॅट असतो, हाताने रिसेट करायचा. त्याच्या दोन टर्मिनलांवर लाल वायरचा बोटभर तुकडा जोडलेला होता. सारखा ट्रिप होतोय म्हणून कोणीतरी तो जंपर मारून बाजूला काढला होता. कोणी, ते मी विचारलं नाही. ज्याने मारला त्याला प्रॉडक्शन थांबल्याबद्दल बोलणी खावी लागत असणार. पण चाक अडकलं असतं आणि हीटर चालूच राहिला असता, तर शेजारी मेणाचं गोदाम आहे. चाकाच्या तोंडावर गरम कप्प्याच्या कडेला बोटभर रुंदीचा तपकिरी पट्टा उमटलेला दिसला. आग लागायच्या अलीकडचा टप्पा होता तो.

दुरुस्ती

डक्ट सर्वांत आधी. लवचिक पाइप काढून साध्या पत्र्याचा सरळ डक्ट केला, बाहेर उतरता, टोकाला पावसाची टोपी आणि खाली निचऱ्याचं भोक. एक दिवस, एक पत्रेवाला.

हीटरला क्लॅम्प मीटर लावला. एका फेजला २५ अँपिअर, उरलेल्या दोन्हींना १९. सहा कांड्या, डेल्टामध्ये म्हणजे त्रिकोणी जोडणीत, प्रत्येक बाजूला दोन-दोन. एक कांडी तुटली की आकडे असेच येतात : तिच्या दोन्ही टोकांच्या फेज उतरतात, तिसरी जशीच्या तशी राहते. पेटी न उघडता कळतं. कांडी मापाने करून मिळाली.

चाकाच्या कडेला खडूची रेघ मारली आणि घड्याळ लावलं. सहा मिनिटांत फेरी व्हायला हवी, नऊ लागली, आणि मधे रेघ दोनदा थबकली. बेल्ट ताणून सैल झालेला. तसाच दात असलेला बेल्ट कोल्हापुरातून मापाने कापून आणला.

सीलच्या बाबतीत मी चूक केली. घाईत हाताशी असलेली निओप्रिनची पट्टी गरम बाजूला लावली. चौथ्या दिवशी वास यायला लागला आणि पट्टी खापरासारखी कडक झाली. सव्वाशे अंशांच्या जागी सिलिकॉन रबर किंवा टेफ्लॉन चढवलेलं काचेचं कापडच टिकतं. पुन्हा सगळं उघडून टेफ्लॉनचं कापड लावलं, ओठासारखं, चाकाला अलगद टेकेल एवढंच.

चाक साफ करण्याआधी मात्र मी थांबलो, आणि हे इथं मुद्दाम सांगतो. छिद्रांत झिरकॉनची पिठी बसली होती. मालक म्हणाले, पाण्याने मारू या का. चाक कुठल्या जातीचं आहे ते कळल्याशिवाय पाणी लावायचं नाही. जुन्या मशीनमध्ये लिथियम क्लोराईड या क्षाराची चाकंही असतात. ती धुतली तर क्षार विरघळून जातो, आणि चाक कायमचं गेलं. तशी चाकं पावसाळ्यात बंद ठेवली तरी आपोआप पाणी गाळतात. फार जुन्या चाकांत अॅस्बेस्टॉसचा कागदही असू शकतो, त्याला तर फुंकरही मारायची नाही. आमच्या मशीनच्या दाराच्या आत अर्धी फाटलेली पट्टी होती आणि तिच्यावर सिलिका जेल असं वाचता आलं. तरीही पाणी लावलं नाही. एका बाजूने व्हॅक्यूम क्लीनर, दुसऱ्या बाजूने कोरडी, तेल नसलेली हलक्या दाबाची हवा. अर्धा दिवस गेला.

कार्डाच्या जागी

कार्ड काढून टाकायचं ठरलं. पण काढण्याआधी ते काय-काय करत होतं हे मी एक अख्खा दिवस बसून लिहून काढलं. चालू केल्यावर आधी काय, नंतर काय, किती सेकंदांनी, बंद करताना काय. जळक्या कार्डालाही टर्मिनल असतात, टर्मिनलांना वायरी असतात, आणि प्रत्येक वायर कुठं तरी जाते. नकाशा त्यातूनच निघाला. कंपनीने मशीन सोडलं तेव्हा लोखंड इथंच राहिलं होतं, हरवली होती ती ही माहिती. पहिला खर्च तिच्यावर करावा असं माझं मत आहे.

मग सगळं बाजारात मिळणाऱ्या सुट्या मालाचं केलं : कॉन्टॅक्टर, ओव्हरलोड रिले, टायमर, पीटी-१०० या तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा साधा टेंपरेचर कंट्रोलर. क्रम असा. गरम बाजूचा ब्लोअर आधी सुरू होतो. हवेचा दाब आहे असं प्रेशर स्विचने सांगितलं की चाक. चाक फिरतंय हे कळलं की मग हीटर, १२० अंशांवर. बंद करताना उलट : हीटर आधी जातो, आणि ब्लोअर पेटी पन्नास अंशांखाली येईपर्यंत चालतच राहतो. लाइट जाऊन आली तरी पहिल्या पायरीपासूनच सुरुवात.

चाक फिरतंय हे कळायला त्याच्या कडेला आठ बोल्ट बसवले आणि समोर प्रॉक्सिमिटी सेन्सर, धातू जवळ आला की कळवणारा. दर पंचेचाळीस सेकंदांनी एक बोल्ट समोरून जातो. दोन मिनिटांत एकही गेला नाही तर हीटर तुटतो आणि भोंगा वाजतो. मूळ मशीनमध्ये हे नव्हतं. जास्त तापल्यावर तोडणारा थर्मोस्टॅट नवा घेतला, १५० अंशांवर लावला आणि थेट हीटरच्या कॉन्टॅक्टरच्या कॉइलमध्ये जोडला. मध्ये कुठलंही इलेक्ट्रॉनिक्स नाही. त्याला पत्र्याचं झाकण आणि कुलूप घातलं. किल्ली मालकांकडे.

पॅनेलच्या दारावर चालू-बंदचा क्रम मराठीत आणि शेजारी कानडीत लावला. रात्रपाळीचे दोघे कानडी वाचणारे. कानडी मजकूर त्या ऑपरेटरने स्वतःच्या अक्षरात लिहिला, आणि मला न विचारता खाली एक ओळ वाढवली : गरम हवेवर भरवसा ठेवू नका, दोन्ही आकडे लिहा. ती ओळ मी तशीच ठेवली.

नंतर

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खोली ५१ टक्क्यांवर आली. कोरड्या तोंडाशी ४२ अंश आणि ९ टक्के, म्हणजे किलोमागे पाच ग्रॅम. आत दहा, बाहेर पाच. तोंडाची हवा पहिल्यापेक्षा तीन अंश गारच होती, आणि हात धरून यातलं काहीच कळलं नसतं. त्या आठवड्यात ऑटोक्लेव्हमधून निघालेले शेल मी मुद्दाम जाऊन बघितले, धड होते.

सगळा खर्च नव्या मशीनच्या कोटपुढे किरकोळ होता. पण चाकच गेलं असतं किंवा गरम कप्प्याचा पत्रा सडून पोखरला असता, तर मीच नवं घ्या म्हणालो असतो. सगळ्याच जुन्या मशीन जगवायच्या नसतात.

रोज सकाळी ऑपरेटर वहीत चार आकडे लिहितो : आत जाणाऱ्या हवेचं तापमान आणि टक्का, बाहेर येणाऱ्या हवेचं तापमान आणि टक्का. महिन्यातून एकदा चाकाची फेरी घड्याळावर, आणि तिन्ही फेजांचा करंट. डक्टच्या भोकाखाली बादली ठेवलेली असते. पावसात तिच्यात थेंब पडत नसले तर मला फोन येतो. दोनदा आला, एकदा भोकात कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं.

चाकावरचा तपकिरी पट्टा या मार्चमध्ये पट्टी लावून मोजला. बोटभरच आहे, वाढलेला नाही. वाढला तर चाक मागवावं लागेल. अशी चाकं देशात बनतात, व्यास आणि जाडी सांगितली की करून देतात. आमच्या चाकाची दोन्ही मापं पॅनेलच्या दाराच्या आत पांढऱ्या रंगाने लिहून ठेवली आहेत.